मन्याचा लाकडी बंगला आणि माझी झील

लेख मनोहरदादांवर हवा आहे, हे संपादकबाईंनी फोनवर दोनदा सांगितलं. आपण त्यांच्याबरोबर इतकी वर्षं गायलात, तर त्यांचं गाणं, त्यांचा तो प्रसिद्ध लाकडी बंगला, त्यांचा स्वभाव, असं काहीतरी लिहा. मी म्हटलं, बाई, लिहितो, पण ज्याच्या हातात पेन तो स्वतःबद्दल लिहिणारच. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

तर मनोहरदादा म्हणजे आमचा मन्या. लोकगीतं आणि भीमगीतं गाणारा, एके काळी पुण्यापासून नागपूरपर्यंत ज्याच्या नावावर मैदानं भरायची, तो. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत सामाईक होती. त्याची आई चपात्या लाटायला लागली की आमच्याकडे भिंत वाजायची. दोघांचे बाप एकाच खात्यात, आम्ही दोघं एकाच वर्गात, आणि गाण्याचं वेड दोघांनाही एकदमच लागलं. फरक एवढाच की तो मनोहरदादा झाला आणि मी अशोकच राहिलो.

हा फरक ज्या माणसाने केला ते आमच्या वस्तीतले मास्तर. शाळेत शिकवायचे आणि जयंतीसाठी गाणी लिहायचे. एका जयंतीच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना बुद्धविहाराच्या ओट्यावर उभं करून एकच गाणं म्हणायला लावलं. दोघांचं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, मनोहर पुढे, अशोक मागे. मी विचारलं, का? तर म्हणाले, तुझा श्वास लांब आहे. आता सांगा, श्वास लांब असणं हा काय गुन्हा आहे? पण मास्तरांना उलट विचारायची पद्धत नव्हती. मी मागे उभा राहिलो तो आयुष्यभर. आणि आयुष्यभर मनात एकच प्रश्न भुणभुणत राहिला, की त्या दिवशी मास्तरांनी मला पुढे उभं केलं असतं तर? तो बंगला माझा असता का?

मागे उभं राहून काय करतात ते आता सांगतो, कारण हल्ली लोकांना कोरस म्हटलं की कळतं, झीलकरी म्हटलं की कळत नाही. मुख्य गायक ओळ म्हणतो आणि शेवटचा शब्द हवेत सोडतो. तो शब्द खाली पडायच्या आत, त्याच सुरात उचलून धरायचा आणि लांबवायचा, ही झील. तेवढ्या वेळात पुढे उभा असलेला गायक श्वास घेतो, घाम पुसतो, पुढची ओळ आठवतो. लोकांना वाटतं त्याचाच आवाज चालू आहे. तसं वाटलं पाहिजे, हीच खुबी. झीलकऱ्याचा आवाज वेगळा ऐकू आला तर तो झीलकरी वाईट. मी डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभा राहायचो, हातात तुणतुणं, नजर मन्याच्या खांद्यांवर. तोंडाकडे बघायचंच नाही, तोंड फसवतं. खांदे वर झाले की समजायचं, आता हा सोडणार. मन्याचा चेहरा कसा दिसतो हे विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण त्याचे खांदे मी अंधारातसुद्धा ओळखेन.

कारखान्यातली नोकरी मी सोडली नाही. पाळी बदलून, रजा टाकून कार्यक्रम केले. मन्याने मात्र नोकरीला लाथ मारली. तेव्हा मी शहाणा आणि तो वेडा होता. पुढे ते उलटं झालं.

एका वर्षी जयंतीच्या महिन्यात रोज कार्यक्रम करून करून मन्याचा घसा बसला. येरवड्याला मैदान खचाखच, आणि याच्या तोंडून फुसफुस. मला म्हणाला, अश्या, आज सांभाळ. मग असं केलं की तो अर्धी ओळ कशीबशी म्हणायचा, हात वर करायचा, आणि उरलेली अर्धी मीच झिलीसकट ओढायचो. ‘ओंजळ भरली, पाणी गोड लागलं, कोरडं नशीब माझं आज जागलं’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं. चवदार तळ्यावर मास्तरांनीच लिहिलेलं. त्यातलं ‘जागलं’ मी त्या दिवशी इतकं लांबवलं की ढोलकीवाला निवृत्ती माझ्याकडे वळून बघायला लागला. खाली लोक उभे राहिले. कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत वर आले, मन्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, काय दम आहे दादा तुमच्यात. मन्या खाली बघत राहिला. हार त्याला घातला. मला चहा मिळाला, तोही साखर कमी.

गिऱ्हाईकं पण एकेक नमुने. हडपसरच्या एका लग्नात बिल्डर वरबापाने सांगितलं, स्टेजवर सोफा आहे, फुलांची कमान आहे, तेव्हा दादा एकटेच वर राहतील, बाकीची मंडळी मागे. मागे म्हणजे कुठे, तर पडद्याच्या पाठीमागे, जिथे केटररच्या पुऱ्यांची कढई होती. आता मला मन्याचे खांदे दिसेनात. मी आणि दुसरा झीलकरी बाळू, दोघं तेलाच्या धुरात उभे राहून निवृत्तीच्या ढोलकीवरून अंदाज बांधत झील देत होतो. मध्येच मला ठसका लागला. पुरी तळणारी बाई म्हणाली, दादा, तुम्ही गाता की रडता? म्हटलं, बाई, आमच्यात दोन्ही एकच असतं.

मग कॅसेट आली. स्टुडिओतल्या माणसाने आम्हाला माइकपासून लांब, दाराजवळ उभं केलं. कॅसेट इतकी विकली गेली की मंडईपासून कात्रजपर्यंत प्रत्येक रिक्षात ‘ओंजळ’ वाजायची. वेष्टनावर मन्याचा फोटो, मोठ्या अक्षरात नाव, आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि साथीदार’. माझं आईवडिलांनी ठेवलेलं नाव अशोक, कॅसेटवाल्याने ठेवलेलं साथीदार. माझी बायको सुमन ते वाचून म्हणाली, बरं झालं, निदान ‘आणि इतर सामान’ तरी लिहिलं नाही.

मी जळत होतो. उगाच मोठेपणाचं सोंग कशाला आणू? मन्या वाईट वागला असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. पण तो वाईट वागला नाही. बिदागी वेळेवर, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभा, आईच्या आजारपणात दवाखान्यात बसून. त्यामुळे जळायचं तेही गुपचूप जळावं लागलं. त्याने आणखी धग वाढते, हा माझा अनुभव आहे.

तशात त्याला अमेरिकेचं बोलावणं आलं. तिकडे आपल्या लोकांचं एक मंडळ होतं, त्यांची जयंती. गायक एक आणि कीबोर्डवाला एक, एवढीच तिकिटं. झील? झील कीबोर्डमध्येच असते म्हणे, बटण दाबलं की येते. मी त्याला विमानतळावर सोडायलासुद्धा गेलो नाही, रजा नाही म्हणून सांगितलं. रजा होती.

परत आला तो एक फोटो घेऊन. तिकडेही गावाकडची गाणी म्हणणारे असतात, सांगत होता, डोक्यावर हॅट, गळ्यात गिटार, आणि गाण्यात आपल्यासारखंच, नदी, आई, घोडं, दारू. असा एक मोठा गायक होऊन गेला, त्याचं घर मन्याला दाखवायला नेलं होतं. अख्खं घर ओंडक्यांचं. गोल गोल ओंडके आडवे रचून भिंती, आत एवढा मोठा दिवाणखाना. गायकाने ते केव्हाच विकलं होतं, आणि आता लोक तिकीट काढून आत जात होते. मन्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, अश्या, तो पण गावरान गायचा, आपण पण गावरान गातो. पत्र्याखाली जन्मलो, आता असं घर बांधू. ‘आपण’ म्हणाला. मी वाट बघितली, पण ‘आपण’मध्ये मी कुठे बसतो ते काही त्याने सांगितलं नाही.

आणि बांधलं की त्याने. सूसच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी जागा घेतली, तेव्हा तिथे रात्री कोल्हे ओरडायचे, आता महापालिकेचा कर येतो. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात महिनोन्‌महिने फिरून सागाचे ओंडके जमवले. सुतार म्हणत होते, साहेब, फळ्या करू, निम्म्या लाकडात होईल. हा म्हणे, नाही, ओंडकेच. वास्तूच्या दिवशी भन्तेजी आले, वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, खीर वाटली. मग सगळे म्हणाले, दादा, आता ‘ओंजळ’. मन्याने पहिली ओळ म्हटली, मी झील धरली, आणि माझा मलाच काटा आला. दगडाविटांच्या खोलीत आवाज भिंतीला आपटून परत येतो. त्या घरात तो लाकडात शिरत होता आणि गोड होऊन परत येत होता. सगळ्या आयुष्यात माझी झील इतकी सुंदर मला कधी ऐकू आली नव्हती. आणि ती दुसऱ्याच्या घरात. घरी येताना बसमध्ये सुमनला म्हणालो, पहिल्याच पावसाळ्यात फुगेल सगळं. ती म्हणाली, तू आधीच फुगलायस.

फुगलं मात्र खरंच. जून आला की दारं लागायची नाहीत. खाली वाळवी, वर भुंगे. ते काळे भुंगे ओंडक्यात भोकं पाडून राहायचे, सकाळी अंगणभर भुसा. मन्या कंटाळून सांगायचा आणि मी चेहरा पाडून ऐकायचो. आतून भुंग्यांना म्हणायचो, चालू द्या.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी गेल्या, जयंतीला डीजे आले. मन्याच्या बायकोचं आजारपण निघालं ते ती जाईपर्यंत चाललं. मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि वरचा सूर कायमचा गेला. खालचा राहिला, पण खालच्या सुरात मनोहरदादा कोणाला हवा होता? मुलगा परदेशी. बंगला विकला, आणि विश्रांतवाडीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला. मला आनंद व्हायला हवा होता. त्याचा फ्लॅट बघायला गेलो तर भिंतीवर तो अमेरिकेचा फोटो लावलेला. चहा घेतला आणि लवकर निघालो.

बंगला घेतला खराडीच्या एका कंपनीत काम करणाऱ्या नवरा-बायकोने. वाळवीचं औषध मारून, पॉलिश करून, शनिवार-रविवार राहायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायला लागले. दारावर पाटी, सुप्रसिद्ध लोकगायकाचं लाकडी घर. म्हणजे शेवटी इथेही लोक तिकीट काढून आत जायला लागले.

गेल्या हिवाळ्यात त्या घराच्या मालकीणबाईंचा, ऋचाचा, मला फोन आला. रविवारी दुपारी जेवणाआधी पाहुण्यांसाठी लोकगीतांचा कार्यक्रम ठेवलाय. सर, एकदम ऑथेंटिक पाहिजे. मी विचारलं, माझा नंबर कोणी दिला? तर म्हणे, मनोहर सरांनी. त्यांना विचारलं होतं, पण ते म्हणाले माझा आवाज संपला, अशोकला बोलवा, त्याला सगळी गाणी येतात, आणि तो पुढे उभा राहून छान गाईल.

फोन ठेवला. ज्या गोष्टीसाठी जन्मभर झुरलो ती आली, आणि आली ती त्याच्याच हातून. नको म्हणावं असं मनात आलं. सुमन म्हणाली, जा. नाहीतर उरलेलं आयुष्य माझ्या कानाशी रडशील, आणि माझे कान आता थकलेत. मी गेलो.

तयारी अशी केली की लग्नाला पण केली नव्हती. निवृत्तीला ढोलकीसाठी सांगितलं, पेटीवर त्याच्या मेव्हण्याला घेतलं. तुणतुण्याची तार बदलली. नवा कुर्ता शिवला. रोज पहाटे बाथरूममध्ये ‘ओंजळ’ म्हणायचो, माझ्या पट्टीत, मन्याच्यापेक्षा खाली. छान लागायचं. ऋचाला फक्त एकच विचारलं, मनोहर येणार आहे का? ती म्हणाली, त्यांना गाडी पाठवतोय ना, सर. म्हटलं, येऊ द्या. बघू दे त्यालाही.

दिवाणखान्यात तीसेक तरुण मंडळी खुर्च्यांवर, फोन काढून तयार. मन्या शेवटच्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये धरून. मी पुढे उभा राहिलो. डाव्या बाजूला नाही, मधोमध. निवृत्तीने ढोलकी घुमवली. आणि मी पहिली ओळ म्हटली. ‘ओंजळ भरली, पाणी गोड लागलं, कोरडं नशीब माझं आज जागलं.’ ते घर तसंच होतं, आवाज लाकडात शिरला आणि गोड होऊन आला. मनात म्हटलं, बघा मास्तर. ‘जागलं’ हवेत सोडलं, श्वास घेतला.

आणि तो शब्द खाली पडला.

मागे कोणीच नव्हतं. मी डाव्या खांद्यावरून वळून बघितलं तर ओंडक्यांची भिंत. अहो, चाळीस वर्षं मी बोंबलतोय की झीलकऱ्याला कोणी विचारत नाही, त्याचं नाव कोणी छापत नाही. आणि माझी वेळ आली तेव्हा मी ढोलकी आठवली, पेटी आठवली, कुर्त्याची इस्त्री आठवली, आणि झीलकरी सांगायला विसरलो. मी. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी त्याला जन्मभर सोडला नसता.

निवृत्तीने प्रसंग ओळखून ढोलकीवर वेळ काढला. मी म्हटलं, आपणच लांबवू. दुसरी ओळ घेतली, शेवट स्वतःच ओढला, आणि पुढच्या ओळीला छातीत वाराच नाही. झील देणारा ओळभर विश्रांती घेऊन मग श्वास खर्च करतो, तेव्हा माझा श्वास लांब. गाणारा सारखा खर्चच करत असतो. हे मी जन्मभर मागून बघितलं होतं आणि मला माहीत नव्हतं. तिसरी ओळ मध्येच तुटली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने फोन खाली घेतला. मनात आलं, संपलं, मास्तर बरोबर होते.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. मन्या उठून खुर्च्यांच्या मधून आला. लोकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे पण नाही. माझ्या हातातलं तुणतुणं काढून घेतलं आणि माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे जाऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, “अश्या, पहिल्यापासून घे.”

मी पहिल्यापासून घेतलं. हात मोकळे होते, त्यांचं काय करायचं ते कळेना, शेवटी एक कानावर ठेवला. ‘आज जागलं’ म्हणून सोडलं, आणि शब्द खाली पडलाच नाही. माझ्याच सुरात, माझ्याच आवाजासारखा, मागून कोणीतरी तो अलगद उचलला आणि धरून ठेवला. मी श्वास घेतला. घाई नाही, धास्ती नाही, पोटभर श्वास. इतकं सुख असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग कडव्यामागून कडवं गेलो. गाणं संपलं तेव्हा ती पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. ऋचा धावत आली, म्हणाली, सर, काय दम आहे तुमच्या आवाजात, तो शेवटचा शब्द तर थांबतच नव्हता.

मी खाली बघत राहिलो. येरवड्याला मन्या खाली का बघत होता ते मला त्या दिवशी समजलं.

जेवणानंतर दोघं अंगणात बसलो. ओंडक्यांत अजून भुंगे होते, औषधाला दाद न देणारे. मी विचारलं, “झील कधी शिकलास?”

“शिकायची कशाला? इतकी वर्षं पाठीत ऐकलीय,” मन्या म्हणाला. मग तुणतुणं माझ्या मांडीवर ठेवून बंगल्याकडे बघत बसला.

त्यानंतर तिथले आणखी दोन-तीन कार्यक्रम आम्ही केले. मी पुढे, तो मागे. संपादकबाई, या लेखात हे ठेवायचं असेल तर ठेवा. पण त्या पहिल्या रविवारी घरी आलो तेव्हाचं सांगून थांबतो. सुमनने दार उघडलं, कसं झालं विचारलं. म्हटलं, चांगलं झालं, लोक उभे राहिले. ती म्हणाली, मग तोंड का असं? मी सांगितलं, मन्याने झील धरली.

“कशी धरली?”

खोटं सांगायचं फार मनात होतं. पण जन्म त्याच कामात गेला, कानाला लबाडी जमत नाही. म्हटलं, “माझ्यापेक्षा बरी.”

सुमनने ताट वाढलं. मी पानावर बसलो आणि भात नुसता चिवडत राहिलो. नाव त्याचं, कॅसेट त्याची, अमेरिका त्याची, बंगला त्याचा, ते सगळं मी केव्हाच सोडून दिलं होतं. झील तेवढी माझी होती हो.